विमानातली हवा कमी केली म्हणे

१९९१ साल. मी सत्तावन्न वर्षांचा होतो. पुढच्या वर्षी भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रिटायर होणार होतो. संक्रांत जवळ आली होती आणि तिकडं आखातात लढाईची भाषा चालली होती. आम्हाला भिलाईत त्या लढाईचं काही दिसत नव्हतं, फक्त रॉकेलची रांग लांब झाली होती.

सेक्टरच्या बाजारात राशनच्या दुकानापुढं उजाडायच्या आधी डबे लागायचे. डबे आधी, माणसं मागून. माझ्याकडं गॅसचं सिलिंडर होतं. पण एकट्या माणसाच्या चहाला काय गॅस पेटवायचा? घरची गेल्यापासून मी स्टोव्हच वापरत होतो. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. खरं सांगायचं तर रांगेत उभं राहिलं की चार माणसं बोलायला भेटायची. क्वार्टरमध्ये माझ्याशी बोलायला पाण्याचा नळ होता, तोही सकाळ-संध्याकाळच.

मला एकच लेक. ती दिल्लीला दिली. तिला पहिली मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण माहेरात आई नाही तर माहेर कसलं, म्हणून सासूबाईंनी तिकडंच केलं. मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार? डिंकाचे लाडू करता येत नाहीत, बाळाला तेल लावता येत नाही. तेव्हा पाच महिन्यांची नात झाली तरी मी तिला पाहिली नव्हती. एक फोटो आला होता, त्यात बाळ कमी आणि गोधडी जास्त.

आता पहिल्या संक्रांतीला लेक तिला घेऊन येणार होती. पहिल्या संक्रांतीला बाळाला काळं झबलं घालतात, हलव्याचे दागिने घालतात, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या ओततात. बाकीची पोरं ते लुटतात. कोणी बोरन्हाण म्हणतं, आमच्याकडं बाळाला लुटणं म्हणतात. माझी मंडळी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीतल्या पोरांना लुटायची. स्वतःच्या नातीला लुटायला ती नव्हती. म्हणून मी ठरवलं, मी करीन. लेकीला कळवलं, हे माझ्याच घरी होईल.

जावयाच्या नोकरीत विमानाचं भाडं मिळायचं. ते लोक दिल्लीहून रायपूरला, माना गावच्या विमानतळावर उतरणार आणि तिथून टॅक्सीनं भिलाई. मी रांगेत दोघा-तिघांना सांगितलं असेल. दोघा-तिघांना नाही, सगळ्यांना सांगितलं. माझ्या खानदानात विमानात बसणारी ती पहिली.

मी काय काय केलं ते सांगतो. पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारातून काळं कापड आणलं आणि तिथल्याच टेलरला म्हणालो, पाच महिन्यांच्या पोरीचं झबलं शिव. तो म्हणाला, माप? मी दोन्ही हातांनी हवेत दाखवलं, एवढी. त्यानं शिवलं. शेजारच्या लाइनीत एक अमरावतीच्या काकू होत्या, त्यांनी हलव्याचे दागिने करून दिले, मुकुट, हार, बाजूबंद. मुंग्या लागू नयेत म्हणून मी डबा टेबलावर ठेवला आणि टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले. बोरं आपल्याकडं काय, छत्तीसगडात पोत्यानं. सुपात पसरून ठेवली.

असं सगळं तयार असताना एके सकाळी रांगेत ती गोष्ट निघाली.

माझ्या पुढं अकाउंट्समधला एक बाबू होता, आमच्याच विदर्भातला, कानाला मफलर गुंडाळलेला. तो म्हणाला, "तुमची लेक विमानानं येऊन राहिली ना? जरा सांभाळून. विमानवाले तेल वाचवून राहिले म्हणे."

मागून रेल्वेतला एक जण बोलला, "वाचवतीलच. विमान रॉकेलवरच उडते भाऊ. आपला कोटा तिकडं चालला."

"जेवण कमी केलं. कंबल काढून घेतले. सीटा इतक्या जवळ लावल्या की आपले गुडघे पुढच्याच्या पाठीत."

"त्याचं काय, आपल्या मिनिबसमध्ये रोजच असते."

"अजून ऐका ना," बाबू म्हणाला. "आता हवा कमी सोडून राहिले."

मी विचारलं, "कोणती हवा?"

"आतली. श्वासाची. विमान तर बंद डबा असते. बाहेरची हवा ओढून आत दाबायला इंजिनाची ताकद लागते, ताकदीले तेल लागते. आमच्या साहेबाचे साडू आले दिल्लीहून, पूर्ण रस्ता डोकं धरून बसले होते."

एक छत्तीसगढी बाई डब्यावर बसली होती. ती म्हणाली, "त खिड़की ला खोल देतिस।" सगळे हसले. मी हसलो नाही.

बाकीच्यांना ती गंमत होती. मी तीस वर्षं भट्टीवर काढली होती. लोखंडाची भट्टी हवेवर जगते. खालून गरम हवा फुंकतात तेव्हा कोक, म्हणजे भाजका कोळसा, जळतो. ती हवा फुंकायला मोठाले ब्लोअर लागतात आणि ब्लोअर फुकट चालत नाहीत. कोक कमी असला की आम्ही काय करायचो? हवा कमी. भट्टी मरत नाही, पेंगत राहते. म्हणजे तेल कमी तर हवा कमी, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि बचत निघाली की ती आधी माणसाच्या अंगातून निघते, हेही मी पाहिलं होतं. डिझेल महागलं तेव्हा पावर हाउसच्या मिनिबसवाल्यांनी आधी सीटची गादी काढून फळ्या टाकल्या, उतारावर इंजिन बंद करायला ते मागून शिकले.

आणि हवा कमी झाली की माणसाचं काय होतं, ते भट्टीवाल्याला विचारा. भट्टी म्हटली की गॅस आलाच, जगात कुठंही जा. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस ओरडत नाही, पडत नाही. नुसता गोड गोड पेंगतो. म्हणून आमच्यात एक रीत होती. शिफ्ट सुटताना रिलीवर, म्हणजे आपली जागा घ्यायला येणारा माणूस, आल्या आल्या शिवी द्यायचा. रामराम नाही, जय भीम नाही, आधी शिवी. समोरच्यानं उलट शिवी दिली की तो ठीक आहे. जो चूप बसला, नुसता हसला, त्याला काही न विचारता दंडाला धरून खाली मोकळ्या हवेत न्यायचं. मास्क, मशीन, सायरन, सगळं होतं. तरी ही रीत होतीच.

माझा रिलीवर वीस वर्षं एकच होता. भंडाऱ्याकडचा, बौद्ध, माझ्याहून थोडा लहान, जिभेनं माझ्याहून पुष्कळ मोठा. त्यानं मला काय काय म्हटलं आणि मी त्याला काय काय, ते इथं लिहिण्यासारखं नाही. घरची गेली त्यानंतर मी कामावर परत गेलो, त्या दिवशी शिफ्ट सुटताना तो आला, त्यानं नेहमीची शिवी दिली. मी गप्प. त्यानं मला धरून खाली आणलं, सायकल स्टँडपर्यंत चालवत नेलं आणि मग वर गेला. गॅस नव्हता त्या दिवशी. त्यालाही माहीत होतं.

तर रांगेतून मी डबा न भरताच निघालो आणि पावर हाउसला एसटीडीच्या बूथमध्ये गेलो. डोक्यात एकच, पाच महिन्यांचं बाळ. मोठा माणूस डोकं तरी धरतो. बाळ पेंगलं तर आई म्हणेल, बरं झालं, झोपलं.

लेकीनंच फोन उचलला.

"विमानाची तिकिटं परत कर," मी म्हणालो.

"कावून बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"मी बरा आहे. विमानात हवा कमी देऊन राहिले, तेल वाचवायले. बाळाले घेऊन बसायचं नाही."

ती हसली. "कोण म्हणते?"

"सगळे म्हणून राहिले."

"सगळे म्हणजे रॉकेलच्या रांगेतले?"

हे मला लागलं. माझी लेक, मी शिकवली, कॉलेजात घातली. मी म्हणालो, "रांगेतले म्हणतात ते सोड. मी म्हणतो."

तिनं फोन जावयाला दिला. जावई माणूस चांगला, पण बोलतो असं की जसं आपण शाळेत बाकावर बसलोय. "बाबा, केबिनच्या हवेची वेगळी व्यवस्था असते. आणि कंपन्या थोडीफार काटकसर करत असतीलही, पण त्यानं श्वासाला..."

"म्हणजे काटकसर करून राहिले हे तुमी मानता."

"तसं नाही बाबा, मी एवढंच..."

"जावईबुवा, तुमी हवेबद्दल वाचलं असंन. मी तीस वर्षं हवेची नोकरी केली. फोन तिले द्या."

लेक परत आली. मी म्हणालो, "माह्या घरी यायचं तर रेल्वेनं या. विमानानं येऊ नका. तसं यायचं असंन तर येऊच नका."

बूथमधली लाल आकड्यांची पट्टी पळत होती. तिकडं मागं कुठंतरी बाळ ऊं ऊं करत होतं. ती म्हणाली असती, बाबा तुम्ही येडे आहात का, तर मी पण काही बोललो असतो. लहानपणापासून आमचं तसंच. पण ती नुसती म्हणाली, "बरं बाबा," आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी अमरावतीच्या काकूंकडं जावयाचा निरोप आला, त्यांच्याकडं फोन होता. एवढ्या लहान बाळाला थंडीत एवढा लांबचा रेल्वेचा प्रवास जमणार नाही, उन्हाळ्यात बघू. काकूंनी निरोप सांगितला आणि मला चहा दिला. मी चहा घेतला नाही. म्हणालो, "बरोबरच आहे. बाळाच्या जिवापेक्षा बोरं मोठी आहेत काय?"

"पण दागिने?" काकू म्हणाल्या.

"राहतील."

संक्रांत आली. मी पहिली शिफ्ट करून आलो. लाइनीत कुणाच्या तरी घरी बाळाला लुटणं चाललं होतं, पोरांचा गलका भिंतीतून येत होता. काकूंनी तिळगुळाची वाटी आणि एक गरम पोळी पाठवली. पोळी मी उभ्या उभ्या खाल्ली. सुपातली बोरं आता आकसायला लागली होती, त्यांचा आंबूस वास सगळ्या खोलीत. झबलं खुंटीवर टांगलं होतं. इतकं लहान काळं कापड भिंतीवर बरं दिसत नाही, म्हणून काढलं, घडी केली, मग कुठं ठेवावं कळेना म्हणून परत टांगलं. टेबलाच्या पायाखालच्या वाट्यांतलं पाणी कमी झालं होतं. ते भरलं.

लोक विचारायचे. रांगेत विचारायचे, नळावर विचारायचे. मी म्हणायचो, मीच नाही म्हटलं. मफलरवाला बाबू म्हणाला, "अहो, मी आपलं ऐकलेलं सांगितलं, तुम्ही तिकिटं परत करायले लावली?" मी त्याला म्हणालो, "तुमी ऐकता, मी करतो. एवढाच फरक आहे." मला वाटलं, बरं बोललो. घरी येऊन स्टोव्ह पेटवला, पंप मारला, चहा ठेवला आणि दोन कप काढून ठेवले. एक परत फळीवर ठेवला.

माझं खरं तर काय होतं, ते त्या दिवसांत मला कळत होतं. उन्हाळा म्हणजे उन्हाळा नव्हता. उन्हाळ्यात म्हणतील पाऊस होऊ द्या, पावसात म्हणतील दिवाळी. मग मी रिटायर, क्वार्टर सोडायचं. दुर्गला मोहन नगरात एखादी खोली घेऊन राहीन म्हणत होतो. पण जिथं लेकीची आई राहिली, जिथं ती रांगायला शिकली, त्या फरशीवर तिची पोरगी एकदाही बसणार नाही. हे एवढंच होतं.

संक्रांतीनंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी शिफ्ट सुटली. रिलीवर वर आला. नेहमीसारखा लांबूनच सुरू झाला. "काय बे म्हाताऱ्या, अजून जित्ता हायेस? मले वाटलं आज तरी तुयी जागा खाली भेटंल."

मी हातमोजे काढत होतो. काही बोललो नाही.

त्यानं दुसरी दिली, जरा मोठी.

मी म्हणालो, "भट्टी ठीक आहे. घे चार्ज."

तो पुढं आला. माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं दंड धरला. मी म्हणालो, सोड, गॅस नाही. तो म्हणाला, "मले माहीत हाय. उतर."

खाली नळाजवळ सिमेंटचा ओटा होता. त्यानं मला तिथं बसवलं, स्वतः उभा राहिला. मी त्याला सांगितलं. म्हणजे त्याला सगळं माहीतच होतं, कारखान्यातल्या आमच्या सगळ्या शॉपला माहीत होतं. तरी मी परत सांगितलं, हवा, तेल, बाळ.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एक सांग. वीस वर्षं तू मले सांगून राहिला, भट्टी ठीक आहे. मी कधी तुया सांगण्यावर चार्ज घेतला काय?"

"नाही."

"काय करतो मी?"

"काचेतून पाहतोस."

भट्टीच्या पोटात बघायला छोट्या निळ्या काचा असतात. सांगणारा कितीही जुना असो, येणारा माणूस प्रत्येक काचेला डोळा लावतो, आपल्या डोळ्यानं जाळ बघतो, मगच म्हणतो, जा घरी.

"मंग? तू माहा बाप लागते, मी तुया शब्दावर भट्टी घेत नाही. अन् तू रॉकेलच्या लाइनीतल्या बाबूच्या शब्दावर पोरीले घर बंद केलं?"

"मी घर बंद नाही केलं. मी बाळाचं..."

"तू काचेत पाह्यलं काय?"

मी म्हणालो, "विमानाले कुठं काच असते बे, xxx." आणि त्याला एक सणसणीत दिली.

तो हसला. पाणी प्यायला, तोंड पुसलं. "चला, माणूस ठीक आहे," म्हणाला. "उद्या तुया ऑफ आहे. माना इथून काही लंका नाही. जा, पाहून ये. अन् रथसप्तमीपर्यंत पोरगी लुटता येते, माहीत हाय ना? तुयी बायको माह्या पोराले सप्तमीच्याच दिवशी लुटत होती."

तो वर गेला. मी थोडा वेळ बसलो. मग सायकल घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, कोट घातला, पावर हाउसहून रायपूरची बस पकडली आणि पुढं ऑटोनं मानाला गेलो. विमानतळ म्हणजे तेव्हा काय, एक बसकी इमारत, पुढं मोकळं माळरान, मधे तारेचं कुंपण. कुंपणाशी उभा राहिलो. शिपायानं विचारलं, किसको लेने आए हो? मी म्हणालो, "किसी को नहीं. देखने आया." त्यानं हटकलं नाही, माझ्यासारखे विमान बघायला येणारे अजून होते.

विमान उशिरा आलं. शिडी लागली. मी एकेका माणसाचं तोंड बघत होतो, जसं शिफ्ट सुटल्यावर बघतो. एक जण जांभई देत उतरला, त्याच्यावर मी लक्ष ठेवलं. तो खाली येऊन शिपायाशी भांडायला लागला, म्हणजे ठीक होता. शेवटी एक बाई उतरली, खांद्यावर शालीत बाळ. बाळ असं ओरडत होतं की इंजिन बंद झाल्यावर त्या माळावर दुसरा आवाजच नव्हता. लाल तोंड, मुठी आवळलेल्या. भट्टीवरचा कुठलाही माणूस त्या बाळाला हात न लावता म्हणाला असता, जा घरी.

इमारतीच्या दारातून तिचा नवरा सामान घेऊन निघाला, त्याला मी गाठलं. "भाईसाब, अंदर हवा बराबर थी?"

तो माझ्याकडं बघायला लागला. "हवा? हाँ अंकल, हवा तो ठीक थी. खाने में सूखा सँडविच पकड़ा दिया. और बच्चे के लिए कंबल माँगा तो बोले, अब नहीं रखते."

"कंबल नहीं रखते," मी म्हणालो.

"नहीं रखते. पहले रखते थे."

म्हणजे रांग अगदीच खोटं बोलत नव्हती. तिथंच बाहेर एक बूथ होता. दिल्लीला लावला. लेकीनं उचलला. मी म्हणालो, "मानाले आलो आहे. विमान पाह्यलं. हवा ठीक आहे. कंबल देत नाही, जाड गोधडी घरूनच आण. सप्तमीच्या आत या."

मग ती सुरू झाली. बाबा तुम्ही स्वतःला समजता काय, इथपासून सुरू झाली आणि आईच्या वेळचं, कॉलेजच्या वेळचं, लग्नाच्या वेळचं सगळं काढलं. बूथवाला माझ्या तोंडाकडं बघत होता. मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला आणि मधे जागा मिळाली तेव्हा मीही दोन शब्द उलट बोललो.